डाव्या हाताचा कुंदा

१

व्यंकटरावांनी नव्या कुंद्याची रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि लगेच खाली घेतली. परत लावली. परत खाली घेतली.

ओसरीवर अर्धं आडगव्हाण जमलं होतं. कारणच तसं होतं. वडिलांच्या वेळच्या रायफलीचा खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा लाकडी कुंदा काढून व्यंकटरावांनी हैदराबादहून फायबरचा बसवून आणला होता. काचेचे धागे राळेत भिजवून साच्यात घडवलेला, पावसात न फुगणारा, उन्हात न तडकणारा, ज्वारीच्या पानासारखा हिरवा. असली वस्तू एकाहत्तर साली आमच्याकडे आभाळातूनच पडावी लागायची. शिवाय या रायफलीनं गावाला जगवलं होतं. रानडुकरं उसात शिरली की बायका शेतात पाय ठेवत नसत, आणि व्यंकटरावांचा बार ऐकला की मग खुरपी घेऊन निघत. त्यामुळं नवा कुंदा म्हणजे गावालाच नवी सून आल्यासारखं झालं होतं.

"ह्यो माझा न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "ह्यो डावखुऱ्याचा हाय."

त्यांनी कुंदा फिरवून दाखवला. मूठ डाव्या पंजाच्या वळणाची, बोटांच्या खाचासुद्धा डाव्या. गाल टेकायचा उंचवटा भलत्याच अंगाला. वर कुंदा चांगला चार बोटं आखूड.

गावात डावखुरा एकच होता. व्यंकटरावांच्या शेतातल्या आखाड्यावरचा राखणदार नागनाथ. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले तेव्हा त्याची काठी डाव्या हातात होती. त्यानं ती घाईनं उजव्या हातात घेतली, आणि तिथंच त्याचं बिनसलं.

"हैदराबादला धाडायची मापाची पिशवी स्टेशनावर कोण घेऊन गेलतं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मी, मालक. पण मी काय..."

"माझ्याच बंदुकीनं रातच्याला काळविटं मारायचा बेत व्हता व्हय? हत्याराचा मामला हाय ह्यो. सोमवारी पूर्ण्याला जाऊन फौजदाराच्या कानावर घालतो. तवर आखाड्यावरची खोली मोकळी कर."

त्या खोलीत नागनाथची बायको पंचफुला होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. हे ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे कुंद्याकडेच बघत राहिले.

बाहेर पायरीपाशी औषधांची पेटी घेऊन नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली.

२

नर्स सत्यशीलाबाई मूळच्या पूर्ण्याच्या, रेल्वेत काम करणाऱ्या माणसाची लेक. सरकारनं त्यांना आडगव्हाणला धाडलं तेव्हा गावानं त्यांचं काम घ्यायचं कबूल केलं, पण खोली द्यायचं काही कुणाच्या मनात येईना. कुणाचं छप्पर गळत होतं, कुणाचे पाव्हणे यायचे होते. बौद्धाच्या पोरीसाठी गावातली सगळी छपरं एकदम गळायला लागली होती. तेव्हा चुडाव्याच्या स्टेशनावरून त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन आलेला नागनाथ चावडीसमोर थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, माझ्या बायकोचं बाळंतपण तुमीच करायचं. दुसऱ्या कुणाचा हात न्हाई लागायचा." तेव्हा तर त्याचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. पण त्या एका वाक्यानं चार घरांची दारं उघडली. बाईंनी त्याचे आभार कधी मानले नव्हते. असले आभार मानायला तोंडच सापडत नाही.

त्या थेट मुंजाजी सुताराकडे गेल्या. मुंजाजी रंधा मारत होता.

"मुंजाजीमामा, माप तुम्ही घेतलं ना?"

"घेतलं. आता मलाबी फौजदार का?"

"तुम्हाला कशाला? कसं घेतलं तेवढं सांगा."

मुंजाजीनं रंधा ठेवला. "हैदराबादच्या कुंदेवाल्याचा निरोप व्हता. फायबरला पाहिजे तो आकार देता येतो म्हणं. तवा वल्या मातीचा गोळा मुठीत दाबा, वाळवा आन् धाडून द्या. संग कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत दोरा मोजून धाडा. मी दोन्ही केलं. मालकाचा उजवा हात घेतला. मी काय येडा हाय?"

"आणि जुना कुंदा?"

तो कोपऱ्यात उभा होता. मुंजाजीनं तो मांडीवर घेतला आणि बायका लेकराच्या केसांतून फिरवतात तसा हात त्यावरून फिरवला. "मालक म्हणायचे, लाकूड फुगून नळीला दाबतंय म्हणून नेम चुकतोय. मी काढायच्या आदी नळीखालून कागदाची पट्टी फिरवून बगितली. कुठंच अडकली न्हाई. ह्या लाकडात काहीच खोट न्हाई, बाई."

"मग नेम का चुकत होता?"

"ते मला कशाला इचारता? मी सुतार हाय. काढ म्हणले, काढला."

"मातीचा गोळा कुठं वाळवला?"

"तात्याराव वैद्यांच्या औषधाच्या खोलीत. तिथं सावली आस्ती. उन्हात ठिवला तर भेगाळतो. तिथूनच नागनाथनं पिशवी उचलली."

म्हणजे मुंजाजीच्या घरून उजवा हात निघाला आणि हैदराबादला डावा पोचला. वाटेत हात बदलला होता. आणि ज्या कुंद्यात खोट नव्हती तो बदलायचं तरी कुणाला का सुचावं?

३

व्यंकटरावांचा पुतण्या दत्तराव रायफल घेऊन हैदराबादला जाऊन आला होता. त्याचा भांग तिथल्या पद्धतीचा झाला होता आणि बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'दुकान म्हणजे दुकान' यायला लागलं होतं.

"काय सांगू नर्सबाई, दुकान म्हणजे दुकान. भिंतीवर नुसते कुंदे. काळा, बदामी, हिरवा. मी हिरवा निवडला. पिकात दिसणार न्हाई."

"आणि बाकीचं?"

"पट्ट्याच्या कड्या पोलादी घेतल्या. पितळेच्या चमकतेत, जनावर बुजतं. मला चामड्याचा पट्टा घ्यायचा व्हता, नक्षीचा. पण तात्यांनी निघतानाच बजावलं व्हतं, की सुती नवारीचा घे, रुंद बघून. चामडं घसरतं म्हणले. आन् मागं खांद्याला रबराची गादी, जाडातली जाड."

"तात्यारावांना बंदुकीतलं कळतं?"

"वैद्य हाईत. म्हणले, तुझ्या काकाचा खांदा दुखतोय."

"कुंदेवाल्यानं मूठ बघून काही विचारलं नाही?"

दत्तरावाचा भांग जरा खाली झुकला. "इचारलं की. मालक डावखुरे हाईत का म्हणला. मी म्हणलं, जसं माप हाय तसं करा, काकाचं काम चोख आस्तंय. नागनाथनं गाडीत दिलेली पिशवी मी उघडून बगितलीच नव्हती. काकाला हे सांगू नका."

आखाड्यावर नागनाथ सामान बांधत होता. पंचफुला एकेक भांडं पुसून त्याच्याकडे देत होती, जसं काही पाव्हण्यांकडे जायचं होतं.

"नागनाथ, मालकांचा खांदा दुखतो का?"

"न्हाई. कवाच म्हणले न्हाईत. गेल्या हंगामात बार जवळून गेला तरी खांदा चोळला न्हाई."

"कुणाच्या जवळून गेला?"

नागनाथनं गाठ आवळली. "माझ्या. मी बांधावर हुबा व्हतो, डुक्कर पलीकडं. मालकाला वाटलं मीच डुक्कर." तो हसायला गेला. "तवापासून म्हणायले, कुंदा बदलायचा."

पंचफुलाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. हे तिला आजच कळत होतं.

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सत्यशीलाबाई व्यंकटरावांच्या ओसरीवर गेल्या. पांढरी साडी, हातात पेटी, अंगानं वाळलेल्या शेंगेसारख्या.

"कोण, पंचफुला का?" व्यंकटराव म्हणाले.

पंचफुला पोटानं दारात मावत नव्हती आणि कायम लाल लुगड्यात असायची. दोघींत घोटाळा व्हावा असं काहीही नव्हतं. बाईंनी उत्तर द्यायला मुद्दाम जरा वेळ लावला.

"मी नर्स."

"हां, हां. उन्हातून आलो की डोळं दिपतेत. बसा."

ते सकाळपासून ओसरीतच होते.

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई चहा घेऊन आल्या. व्यंकटरावांनी कप कलता केला, आणि चहा सांडायच्या आत पार्वतीबाईंनी बशी गुपचूप कपाखाली सरकवली. इतक्या सहज, की त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. बाईंनी व्यंकटरावांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला होता.

"नागनाथचा पंजा बघितलाय ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "सुपाएवढा आहे. ती मूठ त्याला बसणारच नाही."

"माती वाळली की आकसती. आमच्या काळ्या मातीत बैल जाईल एवढ्या भेगा पडतेत."

"माती आकसली असं धरू. मग त्याच्या लांब हाताला कुंदा आखूड कसा झाला? लांबी तर दोऱ्यानं मोजली होती. दोरासुद्धा आकसला का?"

व्यंकटरावांनी चाचपत कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमी बाळंतपणं करा, बाई. बंदुकीचं मी बगतो."

बाईंच्या जिभेवर शब्द आले होते, की बघताय कुठं, तेच तर होत नाही. त्यांनी ते गिळले. मोतीबिंदू झालेला माणूस हा आधी आजारी माणूस असतो, नंतर आडमुठा. पण उठता उठता त्यांनी अर्धं कोडं मनात सोडवून टाकलं होतं. दोष लाकडात नव्हता, नजरेत होता. आणि ही गोष्ट कबूल करायच्या ऐवजी या माणसानं आख्खा कुंदा बदलला होता.

उरलेलं अर्धं मात्र तसंच होतं. लहान पंजा, आखूड हात, हळवा खांदा, आणि तोही डावखुरा. असा माणूस आडगव्हाणात नव्हताच. मग हैदराबादचा कुंदा कुणाच्या मापाचा आला होता?

५

उत्तर त्यांच्याकडे आपण होऊन चालत आलं, तापानं फणफणत.

चांगुणाबाई म्हातारी दवाखान्याच्या बाकावर बसली आणि तिनं हात पुढं केला. बाईंनी नेहमीच्या सवयीनं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. म्हातारीनं ते सोडवून घेतलं.

"नर्सबाई, ह्यो नगं. बाईमाणसाची नाडी डाव्या हाताला आस्ती."

"दोन्ही हातांना असते, आजी."

"तुमच्या सरकारात आसंल. तात्या डावाच बगतेत. जल्मभर डावाच बगत आलेत. उजवा बापयाचा."

बाईंनी नाडी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांचा आकडा सुटला. परत मोजायला घेतलं, परत सुटला.

"लय ताप हाय का?" म्हातारी घाबरली.

"नाही आजी. तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही माझ्यावर किती उपकार केलेत ते तुम्हाला कळणार नाही."

म्हातारीला गोळ्या देऊन त्या जवळपास पळतच निघाल्या. डावखुरा माणूस शोधायचाच नव्हता. डावा हात कुणाचा धरतात, ते शोधायचं होतं.

पार्वतीबाई मागल्या अंगणात तूर पाखडत होत्या.

"बाईसाहेब, तात्यारावांनी तुमची नाडी कधी बघितली?"

"पाऊस उघडल्यावर. अशक्तपणा आल्ता. का हो?"

"नाडीच बघितली का आणखी काही?"

पार्वतीबाईंचं सूप थांबलं. "हातात ताकद हाय का बगायला मातीचा गोळा दाबायला दिला. म्हणले, घट्ट धरा, जसं काही बंदूकच धरलीय. मला हसूच आलं. मग दोऱ्यानं कोपर मोजलं. म्हणले, हाडं बगतोय."

"तुम्ही पूर्वी कधी बंदूक धरलीय?"

पार्वतीबाई लाजल्या. पन्नाशीच्या बाईनं लाजणं फार देखणं असतं. "माहेर पालमकडचं. आमचे वडील शिकारी. पोरगा न्हाई म्हणून मलाच नेम शिकवला. दोन डुकरं मारलीत मी. लगीन झालं आन् मग कशाचं काय. इथं फक्त तात्यांना ठावं हाय. ते माझ्या माहेरीबी औषध द्यायला यायचे."

बाईंनी ओसरीच्या खुंटीवरची रायफल उतरवून त्यांच्या डाव्या हातात दिली. पार्वतीबाईंची बोटं खाचांत अशी जाऊन बसली, की आता ती निघतील का असं वाटावं. रबराची गादी खांद्याच्या हाडावर अलगद टेकली. रुंद नवारीचा पट्टा पदरावरून घसरला नाही.

"पर मी डावखुरी न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

६

तात्याराव वैद्य औषधाच्या खोलीत खल घेऊन बसले होते. बाई आत आल्या तसा त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"कळलं म्हणायचं," ते म्हणाले.

"बरंचसं कळलं. राहिलेलं तुम्ही सांगा."

"व्यंकटच्या डोळ्याचं त्यानंच मला सांगितलं, आन् कुणाला सांगू नका म्हणून हात धरला. नाडी बगणाऱ्यानं असलं बाहेर बोलायचं नसतंय. तुमाला ठावं हाय. पर त्याच्या हातात बंदूक राहिली तर एक दिवस माणूस मरणार, हेबी दिसत व्हतं. नागनाथ थोडक्यात वाचला. मग वाटलं, कुंदाच असा यावा की त्याला बंदूक धरताच यायला नगं, आन् घरातल्या चांगल्या नेमाच्या माणसाला धरता यावी. त्याची मूठ काढली, पारूची ठिवली. दोराबी बदलला. गादी, पट्टा तिच्याच बेतानं सांगितला."

"आणि हात?"

म्हाताऱ्यानं आपल्याच बोटांकडे पाहिलं. "आयुष्यभर बायांचा डावाच हात धरला, बाई. गोळाबी डाव्यातच दिला. उजवा घ्यावा हे मनातसुदिक आलं न्हाई. बंदूक घरी आली तवा कळलं, काय करून ठिवलं ते."

"तेव्हा का बोलला नाहीत? नागनाथवर आळ आला तेव्हा?"

"बोललो आस्तो तर व्यंकटचे डोळे गावापुढं आले आस्ते."

"आणि नागनाथचं नाव आलं ते?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तात्या, तुमच्या औषधांनी माझी निम्मी कामं सोपी होतात, म्हणून मी तुम्हाला मानते. पण एकाची लाज झाकायला दुसऱ्याची उघडी टाकली तुम्ही. त्याची बायको आज सामान बांधतेय."

तात्यारावांनी काठी घेतली. "चला. मी सांगतो समद्यांना."

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "ज्यानं सगळ्यांसमोर आळ घेतला त्यानंच सगळ्यांसमोर काढायचा. तुम्ही फक्त त्यांना एकट्यात सांगा, की दिलेला शब्द आता तुम्हाला पाळता येत नाही."

पण तात्याराव पोचायच्या आतच पार्वतीबाईंनी ते काम उरकलं होतं. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. बाहेर ऐकू आलं ते एवढंच, की पार्वतीबाई म्हणाल्या, "बशी मी किती दिवस सरकवू?"

संध्याकाळी ओसरीवर परत तेच अर्धं गाव जमलं. पंचफुलासुद्धा आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. व्यंकटराव उठले. नागनाथ कुठं उभा आहे ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांकडेच बघून बोलले.

"नागनाथनं काहीच केलं न्हाई. कुंद्यानंबी न्हाई. मला दिसत न्हाई. गेल्या हंगामात मी नागनाथवर बार टाकला, डुक्कर समजून. त्यानं घरी जाऊन बायकोलासुदिक सांगितलं न्हाई, आन् मी त्याच्यावरच आळ घेतला." त्यांनी हातानं खांब चाचपला. "खोली त्याचीच हाय. तो राहतो का जातो, ते आता त्यानं ठरवायचं."

नागनाथनं काठी सावकाश डाव्या हातात घेतली. घाई त्याला नव्हतीच, आणि आज तर ती करायची त्याची इच्छाही नव्हती.

"राहतो," तो म्हणाला. "पर मालक, डोळ्याचं काम करून घ्यायचं. न्हाईतर मी बांधावर उभा राहायचो न्हाई."

कुणीतरी हसलं आणि मग सगळी ओसरी हसली. तात्याराव पुढं होऊन नागनाथपाशी गेले आणि आपली चूक स्वतःच्या तोंडानं त्यांनी त्याला सांगितली. नागनाथनं ऐकून घेतली आणि म्हणाला, "तात्या, पुढच्या वेळी माझ्या बायकोला मातीचा गोळा देऊ नका."

पूर्ण्याला जाणं झालंच, पण फौजदाराकडे नाही. पार्वतीबाईंच्या नावानं लायसन्साचा अर्ज करायला. आणि परभणीच्या दवाखान्यात डोळ्यांसाठी नंबर लावायला. त्याला सोबत सत्यशीलाबाईच होत्या.

एक मात्र राहिलं होतं. कुंदा परत करता येत नव्हता, जुना पार्वतीबाईंच्या हाताला चार बोटं लांब पडत होता, पार्वतीबाई डावखुऱ्या होऊ शकत नव्हत्या, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत नुसती वाट बघणं त्यांना जमत नव्हतं. तेव्हा त्यांना डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकवणारा आख्ख्या आडगव्हाणात एकच माणूस होता.

हुरड्याचे दिवस आले तेव्हा आखाड्यासमोर शिकवणी सुरू झाली, रिकाम्या बंदुकीची. व्यंकटराव बाजेवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांना अजून हात लागायचा होता. शेजारी सत्यशीलाबाई, बाळंतीण पंचफुलाला बघायला आलेल्या.

"काय करायलीत?" व्यंकटरावांनी विचारलं.

"बाईसाहेब उजवा डोळा मिटायला शिकतायत. मिटत नाहीये. दोन्ही मिटतायत."

"मग?"

"नागनाथ म्हणतोय, पदराचं टोक बांधा एका डोळ्यावर. आता बांधलं. आता धरली. कोपर जरा वर आहे. त्यानं काठीनं खाली करायला सांगितलं."

"बोलायलाय का तिच्यासंग नीट? का चिडलाय?"

"चिडत नाही. हसतोय."

"हसायलाय?"

"हो. दोघंही हसतायत."

व्यंकटरावांनी हात जोडले. कुठल्या दिशेला जोडायचे ते न कळून, आधी जरा बांधाकडे आणि मग जरा बाईंच्या आवाजाकडे.

"सांगत राहा, नर्सबाई," ते म्हणाले.